पडलेल्या झाडाची सावली

सन २०१९ च्या नोव्हेंबरअखेर आम्ही तिघे मित्र एका आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम ऐकण्यासाठी सिंगापूरला निघालो, तेव्हा गावात बरेच हसू झाले. हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. तिघेही पन्नाशीला टेकलेले. एक शाळेत शिक्षक, एक बँकेत नोकरीला, तिसरा आपली केळीची वाडी सांभाळणारा. कुणी म्हणाले, "पोरांनी जायचे, तर इथे बापच चालले!" कुणी विचारले, "आता केस वाढवणार की काय?" वाढवायला केस फारसे उरले नव्हते, हे विचारणाऱ्यालाही दिसत होते.

हे हसणे आम्हांला बोचले नाही. बोचले ते एकच वाक्य. आमच्या दिवंगत मित्राच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, अंगणात तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ते उच्चारले. त्या म्हणाल्या, "ते इस्पितळात होते तेव्हा तुम्हांला रजा मिळत नव्हती. गाण्याला बरी मिळाली."

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुरते उत्तर आजही नाही. ते शोधताना जे थोडेफार हाती लागले, तेवढेच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुळात आम्ही चौघे. वसईतल्या एकाच गावचे, एकाच शाळेत शिकलेले आणि चर्चच्या गायकवृंदात एकाच बाकावर उभे राहिलेले. १९८८ साली आमच्या या मित्राचा मामा कुवेतहून सुट्टीवर आला. त्याने भाच्यासाठी टेपरेकॉर्डर आणला आणि त्यासोबत काही कॅसेटी. त्यांपैकी एकीच्या वेष्टनावर उघड्या माळावर उभे असलेले चार गंभीर चेहऱ्यांचे तरुण होते. बँडचे नाव ‘यू टू’, कॅसेटचे ‘द जोशुआ ट्री’. मार्च १९८७ मध्ये ती जगभर प्रसिद्ध झाली होती. आमच्या गावी पोहोचायला तिला वर्ष लागले.

आमचे इंग्रजी बेताचे. शब्द अर्धेच कळत. परंतु त्या गिटारीचा घंटेसारखा घुमणारा नाद कळायला इंग्रजीची गरज नव्हती. संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून आम्ही ती कॅसेट इतकी वाजवली, की फीत सैल पडली आणि ती पेन्सिलीने गुंडाळण्याचे काम आलटून पालटून प्रत्येकाच्या वाट्याला येऊ लागले. गायकवृंदाच्या सरांना आमचे हे वेड पसंत नव्हते. तेव्हा आमच्या मित्राने त्यांना गंभीरपणे सांगितले, की याच बँडचे १९८३ सालचे एक गीत चाळिसाव्या स्तोत्रावर बेतलेले आहे. हे खरेच होते. सर विरघळले, आणि आमच्या मित्राला गायकवृंदाची गिटार रविवारपुरती घरी नेण्याची परवानगी मिळाली.

या बँडची एक गोष्ट आम्हांला विशेष भावत असे. १९७६ साली डब्लिनमधल्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या मुलाने वाद्यवृंद काढण्यासाठी फलकावर सूचना लावली. त्यातून जो चमू जमला, त्यातले बोनो, एज, ॲडम क्लेटन आणि स्वतः लॅरी हे चौघे तेव्हापासून एकत्रच राहिले. शाळेतले चौघे, म्हातारपणापर्यंत चौघे. आम्हीही तसेच राहणार, असे आम्ही गृहीत धरले होते.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे चौथे गाणे आमच्या मित्राचे अत्यंत आवडते. ‘वन ट्री हिल’ हे त्याचे नाव. त्यामागची हकीकत त्याने पुढे कुठल्याशा मासिकात वाचून आम्हांला सांगितली. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात या नावाची एक टेकडी आहे. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक तिला मॉंगाकिएकिए म्हणतात. त्याच देशातला ग्रेग कॅरल नावाचा माओरी तरुण १९८४ साली बँडच्या ओळखीचा झाला, त्यांच्याबरोबर कामाला राहिला आणि डब्लिनला गेला. जुलै १९८६ मध्ये तिथे मोटारसायकलच्या अपघातात तो मरण पावला. बँडचे लोक त्याच्या अंत्यविधीसाठी थेट न्यूझीलंडला गेले. हे गाणे त्याच्यासाठी लिहिलेले, आणि सबंध ध्वनिमुद्रिकाही त्यालाच अर्पण केलेली. "मित्राला पोहोचवायला अर्धी पृथ्वी ओलांडली," असे आमचा मित्र म्हणे. त्या वेळी आम्ही नुसती मान डोलावली.

२०१७ साली या ध्वनिमुद्रिकेला तीस वर्षे झाली, म्हणून बँडने तीच सर्व गाणी सादर करीत जगाचा दौरा काढला. जुलै महिन्यात लंडनच्या ट्विकनम मैदानावर दोन कार्यक्रम होते. आमच्या मित्राने एका वहीत हिशेब मांडला: विमानाचे भाडे, व्हिसा, तिकिटे, एका नातलगाकडे राहण्याची सोय. आम्ही तिघांनी तो हिशेब पाहिला आणि तिघांनीही आपापली कारणे सांगितली. शिक्षकाची शाळा जूनमध्ये उघडणार होती, बँकेत माणसे कमी होती, वाडीत पावसाळ्याची कामे होती. "पुढच्या वेळी नक्की," असे ठरले. त्याने वही मिटली.

२०१८ साली त्याला आजाराने गाठले. मुंबईच्या इस्पितळात तो सात आठवडे होता. आम्ही गेलो नाही असे नाही, गेलो. एकदा तिघे मिळून, पुढे एकेकटे, कधी रविवारी तासभर. प्रत्येक वेळी निघताना "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणालो आणि दर आठवड्याला काही ना काही आड आले. ज्या मंगळवारी तो गेला, त्या दिवशी आम्हां तिघांपैकी एकही त्याच्याजवळ नव्हता. वहिनी होत्या आणि मुलगा होता.

पुढच्याच वर्षी बातमी आली, की बँड तोच दौरा पुन्हा काढीत असून या वेळी तो पूर्वेकडे येणार आहे. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी ऑकलंडला आरंभ, मग ऑस्ट्रेलियातली शहरे, आणि पुढे आशिया. आम्ही हिशेब मांडत बसलो नाही. सिंगापूरच्या ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर या दोन्ही दिवसांची तिकिटे काढली. गंमत अशी, की सप्टेंबरमध्ये आणखी एक घोषणा झाली: दौऱ्याचा शेवट १५ डिसेंबरला नव्या मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर! बँड भारतात प्रथमच येत होता, आणि तोही आमच्या घरापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. शहाण्या माणसांनी सिंगापूरचा बेत रद्द केला असता. आमच्यातला वाडीवाला म्हणाला, "त्याच्यासाठी एकदा जायचे राहिले. आता कुठेतरी जाऊ या." वहिनींचे ते वाक्य यानंतरचे.

एखाद्या बँडच्या दौऱ्यामागे गावोगाव फिरण्याची रीत आमच्याकडे नवी वाटली, तरी तिकडे ती जुनी आहे. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांनी ती रुजवली. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने सुमारे तेवीसशे कार्यक्रम केले. त्यांच्यामागे हजारो माणसे जुन्या गाड्यांतून शहरामागून शहर पालथे घालीत. सभागृहाबाहेरच्या वाहनतळावर त्यांचा बाजार भरे. कुणी खाण्याचे पदार्थ विकी, कुणी रंगवलेले सदरे, आणि त्या पैशांतून पुढच्या गावाचे तिकीट निघे. ज्याच्याजवळ तिकीट नसे, तो एक बोट वर करून उभा राही; कुणीतरी त्याला फुकट तिकीट देई, आणि त्याला ते ‘चमत्कार’ म्हणत. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला बँडची आडकाठी नव्हती. उलट १९८४ पासून त्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली गेली. ९ ऑगस्ट १९९५ रोजी जेरी गार्सिया निवर्तला आणि त्या बँडने ते नाव उतरवून ठेवले. पण माणसे एकमेकांना भेटत राहिली.

परंतु ‘डेड’च्या चाहत्यांची गोष्ट समजण्याजोगी होती. तो बँड रोज वेगळी गाणी, वेगळ्या क्रमाने आणि वेगळ्या तऱ्हेने वाजवी. आज चुकले ते पुन्हा ऐकायला मिळेलच असे नसे. ‘यू टू’च्या या दौऱ्याचे मात्र तसे नव्हते. ध्वनिमुद्रिकेतली अकरा गाणी ठरलेल्या क्रमानेच वाजायची, ऑकलंडला तशीच सेऊलला. मग त्यामागे फिरायचे कशाला? हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही सिंगापूरला उतरलो.

कालांग भागातल्या राष्ट्रीय मैदानात पंचावन्न हजार माणसे मावतात. रंगमंचासमोर उभे राहून ऐकण्याची जी तिकिटे असतात, त्यांना जागा ठरलेली नसते. आधी येईल तो पुढे. आम्ही सकाळी आठ वाजता पोहोचलो, तर शंभराहून अधिक माणसे आमच्याआधी हजर. एक बाई हातात वही घेऊन नोंद करीत होत्या. त्या आयोजकांच्या नव्हेत, चाहत्यांपैकीच. त्यांनी आमची नावे लिहून घेतली आणि काळ्या शाईच्या पेनाने आमच्या मनगटाच्या वर आकडे काढले: १३१, १३२, १३३. मग नियम समजावले. पाणी आणायला जा, तोंड धुवायला जा, जेवून या. तुमची जागा कुणी घेणार नाही. मात्र ठरलेल्या वेळी हजेरी होते. त्या वेळी जो हजर असेल त्याचा क्रमांक टिकतो, नसेल त्याचा जातो. सबब चालत नाही.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. तिघांच्याही मनात वहिनी आल्या होत्या.

दिवसभरात ओळखी झाल्या. वही धरणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या, पेशाने परिचारिका. ऑकलंडपासून त्या दौऱ्याबरोबर होत्या. एक जपानी गृहस्थ आमच्याहून वयस्क. ते सिंगापूरहून परतून आपल्या देशातले सैतामाचे दोन कार्यक्रम ऐकणार होते. मनिलाचे तीन तरुण तिथल्या फिलिपीन अरीनातल्या ११ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी इतके अधीर, की त्यांना दहा दिवस थांबवेना, म्हणून इथे आलेले. कुणी कुणाची मिळकत विचारली नाही. एका मुलीला उन्हाने भोवळ आली, तर चार जणांनी तिला सावलीत नेऊन बसवले आणि हजेरीच्या वेळी तिच्या वतीने सर्वांनी मिळून साक्ष दिली. त्या एका सबबीला बाईंनी मान्यता दिली.

आम्ही त्या बाईंना आमचा प्रश्न विचारला. रोज तीच गाणी. कंटाळा येत नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, "पहिल्या रात्री मी पडदा बघते. दुसऱ्या रात्री बँड बघते. तिसऱ्या रात्रीपासून माणसे बघते." मग किंचित थांबून म्हणाल्या, "घरी माझे कुणी नाही. इथे मी आले नाही, तर चौकशी होते."

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. मागे एकसष्ट मीटर रुंद पडदा, त्याच्या माथ्यावर जोशुआ वृक्षाची रुपेरी आकृती. आणि पुढे गर्दीत घुसलेला छोटा रंगमंच त्या झाडाच्या सावलीच्या आकाराचा. झाड मागे, सावली माणसांमध्ये, आणि त्या सावलीत उभे राहून ते चौघे गाऊ लागलेले. नववे गाणे ‘वन ट्री हिल’. एकतीस वर्षे आम्ही ज्या गाण्याची फीत पेन्सिलीने गुंडाळली, ते हाकेच्या अंतरावर सुरू झाले.

आमचे समाधान झाले, असे लिहिता आले असते. पण ते खरे नव्हे. आमच्यातला एक मोबाईलवर चित्रण करीत राहिला. पुढे ते पाहिले तर त्यात नुसती डोकी. दुसरा डोळे मिटून उभा होता. तिसऱ्याला सारा वेळ इस्पितळातला पंखा आठवत होता. दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही सकाळच्या मिस्साला गेलो, दुपारी पुन्हा रांगेत उभे राहिलो, पुन्हा हातावर आकडे घेतले आणि पुन्हा ते गाणे ऐकले. तेव्हाही मनावरचे ओझे हलके झाले नाही. गाणे मित्राच्या शोकाचे होते. पण ते ज्यांनी लिहिले, त्यांनी त्याच्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली होती. आम्हांला वसईहून मुंबई ओलांडता आली नव्हती.

परतीच्या विमानात शिक्षकाने एक हकीकत सांगितली. ती त्याला रांगेत कळली होती. ध्वनिमुद्रिकेवर ज्या झाडाचे छायाचित्र आहे, तो कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला एकाकी जोशुआ वृक्ष २००० सालाच्या सुमारास उन्मळून पडला. ऑकलंडच्या टेकडीवरचा तो एकुलता वृक्षही यांत्रिक करवतीचे घाव सोसून २००० सालीच काढून टाकावा लागला. म्हणजे ज्या दोन झाडांनी या ध्वनिमुद्रिकेला नावे दिली, ती दोन्ही आज नाहीत. तरी वाळवंटातल्या त्या पडलेल्या खोडापाशी चाहते अजून जातात. कुणी तिथे एक पितळी पाटीही बसवली आहे. आणि टेकडीवर २०१६ साली नवी रोपे लावली गेली आहेत.

"पडलेल्या झाडापाशी जाणे एक," वाडीवाला म्हणाला, "आणि रोपे लावणे दुसरे." तो केळी लावणारा माणूस; त्याने हे काही मोठे बोलायचे म्हणून बोललेले नव्हते. पण आम्ही बराच वेळ गप्प राहिलो.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही वहिनींकडे गेलो. सांगितले, "वहिनी, तुम्ही बोललात ते खरे आहे. आम्ही यायला हवे होते, आलो नाही." त्या काही बोलल्या नाहीत. मग आम्ही म्हणालो, की नेरूळच्या कार्यक्रमाची चार तिकिटे आहेत. चौथ्या तिकिटावर मुलाला पाठवाल का? वहिनींनी बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळले. शेवटी म्हणाल्या, "त्यालाच विचारा." मुलगा एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "ती बाबांची गाणी आहेत, काका. मी नाही ऐकत." आणि जरा वेळाने, "कितीला निघायचं?"

१५ डिसेंबरला आम्ही जीप भाड्याने केली. घोडबंदरवरून ठाणे, तिथून बेलापूरच्या रस्त्याने नेरूळ. वाटेत त्याला कॅसेटची, पेन्सिलीची, चाळिसाव्या स्तोत्राची कथा सांगितली. त्यातले त्याला काहीच ठाऊक नव्हते. आपला बाप गायकवृंदात गिटार वाजवीत असे, इतकेच त्याला माहीत होते. मैदानात शिरताना पर्थच्या बाई दिसल्या. त्यांनी आम्हांला ओळखले, तिघांऐवजी चौघे पाहिले आणि मुलाला विचारले, "हा नवा?" आम्ही म्हणालो, "नाही, हा जुना."

त्या रात्री ए. आर. रहमान आपल्या मुलींसह व्यासपीठावर आले आणि बँडबरोबर ‘अहिंसा’ हे गीत गायिले, मैदान दुमदुमले. आमच्या ध्यानात मात्र राहिले ते त्याआधीचे नववे गाणे. ते सुरू होताच मुलाने आमच्या कानाशी येऊन विचारले, "बाबा हे वाजवायचे?"

"हो."

"चांगलं?"

"नाही. दुसऱ्या कडव्याला नेहमी चुकायचा."

तो मोठ्याने हसला. इतका, की पुढच्या माणसाने वळून पाहिले. त्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतर आम्ही त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. त्या हसण्यात आमचे गाणे अर्धे ऐकायचे राहून गेले. सिंगापूरला दोनदा पूर्ण ऐकूनही जे झाले नव्हते, ते इथे अर्धे ऐकून झाले.

वाचकांपैकी काहींना वाटेल, की एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला? आम्हांलाही तसे वाटते. बँडमागे फिरणाऱ्या त्या माणसांचे आम्ही गोडवे गात नाही. त्यात पैसा जातो, हौस असते, थोडा वेडेपणाही असतो. पण त्यांच्या रांगेत आम्ही एक साधा नियम शिकलो, आणि तो आम्हांला कुणी यापूर्वी शिकवला नव्हता असेही नाही: जो हजर असेल त्याची जागा राहते. गाण्याला हजर राहणे सोपे. तिथे आनंद असतो. आजाऱ्याच्या उशाशी हजर राहणे कठीण. ती हजेरी आमची चुकली, आणि ज्याच्याकडे ती लावायची होती तो आता नाही. त्याची भरपाई कुठल्याही मैदानात होत नाही. मागे जी माणसे उरली, त्यांच्या अंगणात थोडीफार होत असेल तर होते.

२०२३ च्या सप्टेंबरात ‘यू टू’ने लास व्हेगसच्या स्फिअर या नव्या सभागृहात कार्यक्रम सुरू केले. मार्च २०२४ पर्यंत तिथे चाळीस कार्यक्रम झाले. या वेळी बँड एका जागी, आणि जग त्याच्याकडे आले. लॅरी मलन मात्र शस्त्रक्रियेमुळे त्यात नव्हता. मुलाने बातमी दाखवून आम्हांला विचारले, "काका, चौघांतला एक नाहीये. तरी जायचं का?" आम्ही गेलो नाही. त्या पैशांतून त्याला बऱ्यापैकी गिटार घेतली. तोही दुसऱ्या कडव्याला चुकतो.

नेरूळहून त्या रात्री परतायला पहाटेचे तीन वाजले होते. वहिनींच्या घरात दिवा जळत होता. त्यांनी दार उघडले, मुलाकडे पाहिले, मग आमच्याकडे. काही न विचारता चहा ठेवला. आम्ही ओट्यावर बसलो. कपबशा देताना त्यांनी विचारले, "ते गाणं झालं का?"

"झालं, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "रविवारी जेवायला या. तिघेही या."

तेव्हापासून आम्ही जातो. कधी एखादा रविवार चुकला, तर वहिनी चौकशी करतात.